रुडयार्ड किपलिंग

जोसेफ रुडयार्ड किपलिंग (३० डिसेंबर १८६५, मुंबई – १८ जानेवारी १९३६, लंडन) हे इंग्रजी कथाकार, कवी, कादंबरीकार आणि पत्रकार होते. ‘द जंगल बुक’ (१८९४), ‘किम’ (१९०१) आणि ‘जस्ट सो स्टोरीज’ (१९०२) ही त्यांची पुस्तके जगभर वाचली गेली. १९०७ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजीत लिहिणाऱ्या साहित्यिकाला मिळालेले ते पहिलेच नोबेल होय. ब्रिटिश साम्राज्याचे कट्टर समर्थक म्हणून त्यांच्यावर भारतात व अन्यत्र कठोर टीका झाली असून ती निराधार नाही. मात्र या वादात त्यांच्या आयुष्यातील एक प्रकरण सहसा मागे पडते. वयाची सहा वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांना इंग्लंडमधील एका परक्या घरी ठेवण्यात आले आणि तेथे सुमारे साडेपाच वर्षे त्यांचा शारीरिक व मानसिक छळ झाला. त्या छळाच्या खुणा आणि त्यातून सावरण्याची दीर्घ धडपड त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत आढळते.

मुंबईतील पहिली वर्षे

रुडयार्डचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग हे शिल्पकार व चित्रकार होते. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून ते १८६५ साली पत्नी ॲलिस यांच्यासह मुंबईस आले. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा ज्योतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट त्यांचेच आहेत. इंग्लंडमधील रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी या दांपत्याची ओळख झाली होती, त्यावरून मुलाचे नाव ठेवले गेले. कलाशाळेच्या आवारातील एक बंगला आजही किपलिंग यांच्या नावाने ओळखला जातो.

लहानग्या रुडयार्डचे दिवस आईवडिलांपेक्षा नोकरांच्या सहवासात अधिक जात. त्याची आया पोर्तुगीज वळणाची रोमन कॅथलिक होती, तर मीता नावाचा गडी हिंदू होता. आयेबरोबर सकाळी फळबाजारात जावे, संध्याकाळी समुद्राकाठी माडांच्या सावलीत फिरावे, वाटेत ती एखाद्या क्रुसापाशी प्रार्थना करू लागली की शेजारी उभे राहावे, असा त्याचा क्रम होता. मीता त्याला देवळात नेई. त्या अंधुक उजेडातील देव आपल्याला स्नेहाळ वाटत, असे त्यांनी उतारवयात नोंदवले आहे. मुलगा विचार करी तो हिंदुस्तानीत. जेवणघरात पाठवताना नोकर त्याला आईवडिलांशी इंग्रजीत बोलण्याची आठवण करून देत, आणि मग तो मनातल्या वाक्यांचे अडखळत भाषांतर करी. बहीण ॲलिस, घरातली ट्रिक्स, १८६८ साली जन्मली.

साउथसी येथील घर

त्या काळी भारतातील इंग्रज कुटुंबांत मुले पाच-सहा वर्षांची झाली की त्यांना शिक्षणासाठी मायदेशी पाठवण्याची रीत होती. हवामान आणि रोगराईची भीती हे त्याचे एक कारण होते. मुलांचे उच्चार व वळण देशी होईल ही धास्ती दुसरे कारण होते. किपलिंग दांपत्यही १८७१ साली मुलांना घेऊन इंग्लंडला गेले. ॲलिस यांच्या बहिणी इंग्लंडमध्ये होत्या. तरीही मुलांना नातेवाइकांकडे न ठेवता वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून शोधलेल्या एका कुटुंबाकडे पैसे देऊन ठेवण्यात आले. पोर्ट्समथजवळील साउथसी येथे लॉर्न लॉज नावाच्या घरात कॅप्टन प्राइस हॉलोवे, त्यांची पत्नी सारा आणि त्यांचा मुलगा हॅरी राहत. रुडयार्ड तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता आणि ट्रिक्स तीन वर्षांची होती. आईवडील मुलांना काही न सांगता, निरोप न घेता भारतात परतले. त्यांना वाटले की त्यामुळे मुलांना कमी त्रास होईल.

कॅप्टन हॉलोवे हे प्रेमळ गृहस्थ होते. तरुणपणी ते नव्हारिनोच्या नाविक युद्धात होते. ते रुडयार्डला फिरायला नेत आणि जहाजांच्या गोष्टी सांगत. १८७४ साली त्यांचे निधन झाले आणि मुलाचा घरातील एकमेव आधार गेला.

सारा हॉलोवे अतिशय कर्मठ धार्मिक होत्या. नरकाच्या भीतीवर मूल सुधारते, अशी त्यांची श्रद्धा होती. मार होताच, पण किपलिंग यांनी पुढे जे वर्णन केले त्यात मारापेक्षा उलटतपासणीला अधिक जागा आहे. दिवसभरात काय केले याचा जाब झोपेला आलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारला जाई. त्याच्या उत्तरांत थोडी जरी विसंगती आढळली तरी प्रत्येक विसंगती खोटेपणा म्हणून नोंदली जाई आणि सकाळी न्याहारीच्या वेळी सर्वांसमोर मांडली जाई. हॅरी त्याच खोलीत झोपत असल्याने रात्रीही सुटका नसे. ट्रिक्स मात्र घरातली लाडकी होती. यामुळे भावंडांत फूट पडावी असा प्रयत्न झाला, पण ती पडली नाही. पुढे रुडयार्ड हा नैतिकदृष्ट्या घातक ठरवला जाऊन त्याला बहिणीशी बोलण्यास मनाई झाली, तेव्हा ते दोघे चोरून बोलत.

वाचन हाच त्याचा विसावा होता. ते लक्षात आल्यावर वाचनबंदी ही शिक्षा झाली, आणि मग तो लपून, अपुऱ्या उजेडात वाचू लागला. ओलसर, बुरशीच्या वासाच्या तळघरात कोंडला गेला की तो एकट्याचा खेळ मांडी. लाल दोरी ओवलेली नारळाची करवंटी, एक पत्र्याची पेटी आणि बाहेरच्या जगाला अडवणारे कुंपण म्हणून खोक्याची एक फळी, एवढे त्याचे सामान होते. कुंपणाच्या आत जे असेल ते सगळे खरे, असा त्या खेळाचा नियम होता. वयाची साठी उलटल्यावरही या तीन वस्तू त्यांना नेमक्या आठवत होत्या.

या काळात नातेवाईक अधूनमधून भेटून जात, पण कोणाच्या काही लक्षात आले नाही. मुलाने स्वतः कोणालाही सांगितले नाही. मावशीने पुढे अनेकदा याचे कारण विचारले. किपलिंग यांनी आत्मचरित्रात दिलेले उत्तर आजच्या शिक्षकांनी आणि पालकांनीही लक्षात घेण्यासारखे आहे. मुलाच्या वाट्याला जे येते ते जगाचा कायमचा नियमच आहे असे ते धरून चालते. शिवाय ज्याचा छळ होतो त्या मुलाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे तुरुंगातून बाहेर पडण्यापूर्वी तुरुंगाचे गुपित फोडले तर काय होईल.

दरवर्षी एक महिना तो या घरातून सुटे. डिसेंबरमध्ये तो लंडनच्या फुलहॅम भागातील ‘द ग्रेंज’ या घरी, मावशी जॉर्जियाना आणि तिचे पती, चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स, यांच्याकडे जाई. तेथे मावसभावंडे होती, गोष्टी होत्या, रंगांचा वास होता. कवी विल्यम मॉरिस यांचेही तेथे येणेजाणे असे. फाटकावरची घंटा वाजवण्यासाठी ओढायची जाळीदार लोखंडी मूठ होती. हात उंचावून ती ओढली की सुखाच्या घरात प्रवेश, असे समीकरण त्याच्या मनात कायमचे बसले.

अधू दृष्टी आणि सुटका

रुडयार्डची नजर झपाट्याने अधू होत होती. फळ्यावरचे दिसेना, अभ्यास बिघडला. एकदा महिन्याचे प्रगतिपत्रक इतके वाईट आले की त्याने ते फेकून दिले आणि मिळालेच नाही असे सांगितले. ही लबाडी उघडकीस आल्यावर त्याला मारण्यात आले आणि खोटारडा असे लिहिलेला फलक पाठीवर लावून साउथसीच्या रस्त्यांतून शाळेत पाठवण्यात आले. मुलाला दिसत नाही म्हणून तो मागे पडतो, हे घरात कोणाच्या ध्यानात आले नव्हते. यानंतर त्याची मनःस्थिती ढासळली. नसलेल्या सावल्या आणि वस्तू त्याला दिसू लागल्या. ही गोष्ट कशीतरी जॉर्जियाना यांच्या कानी गेली असावी, कारण डोळे तपासण्यास एक जण आला आणि मुलगा अर्धा आंधळा असल्याचे त्याने सांगितले.

१८७७ च्या वसंतात आई भारतातून आली. पहिल्या रात्री ती त्याच्या खोलीत गेली आणि पापा घेण्यासाठी वाकली, तेव्हा मुलाने तोंडावरचा फटका चुकवण्यासाठी झटकन हात वर केला. घडले काय होते हे आईला त्या एका हालचालीतून कळले. तिने मुलांना लॉर्न लॉजमधून काढले आणि एपिंग अरण्याजवळ लाउटन येथील एका शेतावर उन्हाळाभर मोकळे सोडले. चष्मा मिळाला, चिखलात खेळणे आले, ओरडा बंद झाला. मात्र त्यानंतर लंडनमध्ये राहत असताना रात्र त्याच्या डोक्यात शिरली. पहाटेपर्यंत तो घरात व बागेत एकटा फिरे. निद्रानाशाने त्यांना पुढे आयुष्यभर सोडले नाही.

सुटका झाली तरी समजूत पूर्ण झाली नव्हती, याचा एक पुरावा असा की ट्रिक्सला पुढे पुन्हा त्याच घरी ठेवण्यात आले. १८८० साली तिला भेटायला गेलेल्या रुडयार्डला तेथेच फ्लॉरेन्स गॅरार्ड ही मुलगी भेटली. तिच्यावरील त्याचे एकतर्फी प्रेम बरीच वर्षे टिकले.

१८७८ ते १८८२ या काळात तो डेव्हनमधील वेस्टवर्ड हो! येथील युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजात शिकला. आरंभी तेथेही दांडगाई सोसावी लागली. पण मुख्याध्यापक कॉर्मेल प्राइस यांनी या चष्मेवाल्या मुलाची आवड ओळखून त्याला आपले ग्रंथालय मोकळे केले आणि शाळेच्या मासिकाचे संपादन सोपवले. साउथसीला पुस्तक हिरावून घेणे ही शिक्षा होती आणि येथे ग्रंथालयाची दारे उघडली गेली.

परत भारतात

ऑक्टोबर १८८२ मध्ये सोळा वर्षांचे किपलिंग मुंबई बंदरात उतरले. त्या वास-रंगांत शिरताच त्यांच्या तोंडून देशी भाषेतील वाक्ये बाहेर पडू लागली आणि त्यांचा अर्थ त्यांचा त्यांनाच कळेना. साउथसीपूर्वीचे मूल आत कोठेतरी शाबूत होते. तेथून ते लाहोरला गेले. वडील तेथे मेयो कलाशाळेचे प्राचार्य व संग्रहालयाचे अभिरक्षक होते आणि मुलाला ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’ या पत्रात नोकरी मिळाली होती. पुढच्या वर्षी ट्रिक्सही आली. चौघांच्या या कुटुंबचौकटीत त्यांनी घालवलेली वर्षे अतिशय सुखाची होती. आईवडिलांविषयी त्यांनी कधी जाहीर तक्रार केली नाही. वडील तर त्यांचे पहिले टीकाकार आणि पुस्तकांचे चित्रकार झाले.

जे बोलले गेले नाही ते कथेतून आले. १८८७ मध्ये ते अलाहाबादच्या ‘पायोनियर’ पत्रात गेले आणि तेथे प्राध्यापक हिल व त्यांची पत्नी एडमोनिया यांच्या घरी राहू लागले. १८८८ च्या नाताळ अंकासाठी त्यांनी ‘बा बा, ब्लॅक शीप’ ही कथा लिहिली. भारतातून आणून परक्या बाईच्या हवाली केलेल्या पंच आणि ज्युडी या भावंडांची ती कथा आहे. फलक, प्रगतिपत्रक, अधू डोळे, आईसमोर वर झालेला हात, सारे त्यात आले आहे. ती लिहिताना त्यांना होणारे क्लेश पाहवत नव्हते, असे एडमोनिया हिल यांनी नमूद केले आहे. कथा वाचून आईवडिलांना धक्का बसला. कथेच्या शेवटी आई परत येते आणि सर्व ठीक झाल्यासारखे दिसते, तेव्हा निवेदक सुखान्त नाकारतो. द्वेष आणि संशय ज्याने कोवळ्या वयात भरपूर प्याले, त्याच्या मनातून ती जाणीव जगातले सगळे प्रेमही पुरते पुसू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. हे लिहिणारा लेखक अवघ्या बावीस वर्षांचा होता. ‘द लाइट दॅट फेल्ड’ (१८९१) या पहिल्या कादंबरीच्या आरंभीही हाच अनुभव वेगळ्या रूपात येतो. तिचा नायक चित्रकार असून पुढे आंधळा होतो.

१८८९ मध्ये त्यांनी भारत सोडला. १८९१ च्या अखेरीस ते एकदा, शेवटचे, भारतात येऊन गेले. परतताना मुंबईत त्यांची जुनी आया भेटली. ती फार म्हातारी झाली होती. तिने रडत आशीर्वाद दिले. १८ जानेवारी १८९२ रोजी लंडनमध्ये कॅरोलाइन बॅलेस्टियर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे चव्वेचाळीस वर्षांनी त्याच तारखेला त्यांचे निधन झाले.

मुलांसाठीचे लेखन

विवाहानंतर हे दांपत्य अमेरिकेत व्हरमाँट राज्यात राहू लागले. पहिली मुलगी जोसेफीन १८९२ च्या डिसेंबरात जन्मली आणि त्याच हिवाळ्यात मोगलीच्या कथांना आरंभ झाला. या कथा सिवनीच्या टेकड्यांत व वैनगंगेच्या परिसरात घडतात. ही वैनगंगा पुढे विदर्भातून वाहते. मराठी मुलांना मोगली अनुवादांतून आणि दूरदर्शनवरील मालिकेतून परिचित आहे. साउथसीची हकीकत माहीत असलेल्या वाचकाला या कथा निराळ्या दिसतात. आईवडिलांपासून तुटलेले मूल परक्यांच्या दारात येते आणि लांडगीण त्याला पोटाशी धरते. जंगलाचा कायदा कडक आहे, पण तो सर्वांना सारखा आणि आधी समजावून सांगितलेला आहे. अस्वल मारते, पण शिकवण्यासाठी मारते आणि मग राग धरत नाही. लॉर्न लॉजमध्ये यातले काहीच नव्हते. ‘किम’मधील अनाथ मुलगाही लाहोरच्या रस्त्यांवर हवे ते सगळे मिळवतो, आणि एका वृद्ध तिबेटी लामाच्या मायेने बांधला जातो. त्या कादंबरीतील संग्रहालयाच्या प्रेमळ अभिरक्षकाच्या रूपात किपलिंग यांनी आपल्या वडिलांनाच उभे केले.

जोसेफीनला झोपताना सांगितलेल्या गोष्टींत एक शब्दही बदललेला तिला चालत नसे. त्यातूनच ‘जस्ट सो स्टोरीज’ हे नाव आले. ६ मार्च १८९९ रोजी न्यूयॉर्क येथे न्यूमोनियाने ती सहा वर्षांची असताना गेली. स्वतः किपलिंग त्याच वेळी त्याच आजाराने मरणाच्या दारात होते. पुस्तक निघाले ते तिच्या पश्चात.

१९०२ मध्ये कुटुंब ससेक्समधील बर्वॉश येथील ‘बेटमन्स’ या जुन्या दगडी घरात राहावयास गेले. मावशीचे ‘द ग्रेंज’ तोवर रिकामे झाले होते. किपलिंग यांनी त्या फाटकावरील घंटेची लोखंडी मूठ मागून घेतली आणि आपल्या दाराशी बसवली. ती ओढताना इतर मुलांनाही तसाच आनंद व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

युद्ध आणि उत्तरायुष्य

पहिल्या महायुद्धात त्यांचा मुलगा जॉन दृष्टी अधू असल्यामुळे सैन्यभरतीत नाकारला गेला होता. वडिलांनी वजन खर्चून त्याला आयरिश गार्ड्समध्ये अधिकारपद मिळवून दिले. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत तो वयाच्या अठराव्या वर्षी मारला गेला आणि त्याचा देह किपलिंग यांच्या हयातीत सापडला नाही. ज्याच्या अधू डोळ्यांकडे बालपणी कोणी पाहिले नाही, त्याने मुलाच्या अधू डोळ्यांकडे काणाडोळा करावा, हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण पान आहे. यानंतर त्यांनी युद्धदफनभूमी आयोगाचे काम अखेरपर्यंत केले. उत्तरकालीन कथांत मानसिक आघात झालेले सैनिक, मूल गमावलेल्या स्त्रिया आणि त्यांना सावरणारी माणसे वारंवार येतात. ‘द गार्डनर’ ही त्यांतील श्रेष्ठ कथा मानली जाते.

उतारवयात त्यांनी पत्नीला साउथसीचे ते घर दाखवले. तेव्हाही त्याविषयी बोलताना त्यांचा थरकाप झाल्याचे तिच्या दैनंदिनीवरून कळते. १९३५ मध्ये सुरू केलेले ‘समथिंग ऑफ मायसेल्फ’ हे आत्मचरित्र अपूर्ण राहिले आणि मरणोत्तर, १९३७ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी त्या घराचा हिशेब दोन बाजूंनी मांडला आहे. सतत जाब द्यावा लागल्याने काय खोटे सांगायचे याकडे लक्ष देण्याची सवय लागली, आणि कथालेखनाचा पाया तोच, असे ते म्हणतात. तसेच त्या अनुभवामुळे वैयक्तिक द्वेष करण्याची शक्तीच आपल्यातून आटून गेली, असा त्यांचा दावा आहे.

मतभेद

हा दावा सर्वांना मान्य नाही. अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४१ च्या निबंधात किपलिंग यांच्या लेखनातील क्रौर्य, सूडभावना आणि सत्तेविषयीची ओढ यांचे मूळ साउथसीत शोधले. युद्धकाळातील त्यांचे जर्मनद्वेष्टे लेखन आणि ‘द व्हाइट मॅन्स बर्डन’सारखी कविता पाहता द्वेष आटला होता असे म्हणणे अवघड जाते. छळ सोसलेला माणूस पुढे दुबळ्यांच्याच बाजूने उभा राहतो, असे किपलिंग यांच्या चरित्रावरून तरी सिद्ध होत नाही. व्यक्ती म्हणून मुलांशी आणि दुःखितांशी ते कमालीचे हळवे होते. जित समाजांच्या स्वातंत्र्याच्या आकांक्षेबाबत ते तसे नव्हते.

लॉर्न लॉजची वर्णने अतिरंजित असावीत, अशी शंका काही चरित्रकारांनी घेतली आहे. याबाबत ट्रिक्सची साक्ष महत्त्वाची ठरते. त्या घरात तिचे लाडच झाले होते, त्यामुळे तक्रार करण्याचे तिला कारण नव्हते. तिच्या स्वतःच्या आयुष्यातही दीर्घ मानसिक आजाराची वर्षे आली आणि त्यातून ती सावरली. भावाच्या मृत्यूनंतर, १९३९ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तिने त्याच्या कथनाला दुजोरा दिला. मात्र तिच्या मते खरी शोकांतिका माराची नव्हती. आईवडील आपल्याला एक शब्दही न सांगता का सोडून गेले, हे त्या दोन मुलांना वर्षानुवर्षे कळले नाही, ही होती.